निमकरांची स्टेपनी

मधुकर निमकरांना आयुष्याने कधीही बेसावध गाठलं नाही. हे वाक्य त्यांच्या निरोपसमारंभात मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी कागदावरून वाचलं, टाळ्या पडल्या, आणि निमकर काकांनी मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला. बाकी सगळ्या गोष्टींप्रमाणे विनयाचाही एक जादा साठा त्यांच्याकडे असणार, अशीच त्यांची ख्याती होती.

'जादा' हा त्यांच्या आयुष्याचा पाया होता. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा शर्टाच्या खिशात, तिसरा गाडीत. ॲरिझोनातल्या आमच्या चँडलर गावात पाऊस इतका क्वचित पडतो की पडला तर लोक ऑफिसच्या खिडकीशी जमून बघतात. तिथे निमकरांच्या गाडीत दोन छत्र्या होत्या. मंडळाच्या कोजागिरीला ते मसाला दुधाचं एक पातेलं घेऊन यायचे. ते संपलं, मुलं भांड्याच्या तळाशी पळी खरवडू लागली, की काका पार्किंगकडे जायचे आणि दुसरं पातेलं घेऊन यायचे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नसायचा. परीक्षेत इतर सगळे नापास झाल्याचं बघणाऱ्या माणसाचा असतो तसा तो चेहरा असायचा.

सुधा काकू, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं तीस वर्षं बघत आल्या होत्या. "आमच्या लग्नात यांनी अंतरपाट दोन आणले होते," त्या सांगायच्या. "भटजी म्हणाले, दुसरी मुलगी कुठाय?"

"एकाला डाग पडला असता तर?" काका म्हणायचे. या विनोदावर ते कधी हसले नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो विनोदच नव्हता.

काका इथल्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे इंजिनिअर होते. ऐंशीच्या दशकात आले होते. मी दोन हजार एकमध्ये पुण्याहून आलो, व्हिसावर, कॉन्ट्रॅक्टवर, आणि आल्याआल्या नोकऱ्या जायला लागलेल्या बघितल्या. काकांचं घर आमच्या गल्लीच्या टोकाला. मी पहिल्यांदा नोकरी बदलायचं ठरवलं आणि मोठ्या उत्साहाने त्यांना सांगायला गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"स्टेपनी काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे हे पंक्चर झालं तर काय?"

आम्हा व्हिसावाल्यांची स्टेपनी म्हणजे पुण्याचं परतीचं तिकीट, आणि ते कुणालाच वापरायचं नसायचं. काकांना अमेरिकेत वीस वर्षं होऊन गेली होती, पण इथले लोक म्हणतात तसं 'स्पेअर' ते कधी म्हणाले नाहीत. लग्न ठरलेल्या मुलाला, घर घेणाऱ्या जोडप्याला, दुसऱ्या बाळाची बातमी सांगणाऱ्या माझ्या बायकोलासुद्धा त्यांनी तोच प्रश्न विचारला. दुसऱ्या बाळाच्या वेळी मात्र लगेच स्वतःच म्हणाले, "बरोबर, हीच स्टेपनी," आणि समाधानाने मान हलवली. माझ्या बायकोने त्यांना त्याबद्दल माफ करायला बरेच महिने घेतले.

मग त्यांनी ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली: पलंग, शेगडी, आणि बारीक माणसाला पुरेल एवढी मोरी. जुनाच होता, पण काकांना तो पसंत पडला, कारण त्यांच्या मते तो घराची स्टेपनी होता. एकच गोष्ट त्यांना खुपली. ट्रेलरचं जादा चाक मागच्या बंपरवर उघड्यावर लटकवलेलं होतं. "ॲरिझोनाच्या उन्हात टायर भाजून निघतो," ते म्हणाले. "आणि चोराला तर आमंत्रणच."

पुढचा सबंध हिवाळा शनिवार-रविवार गॅरेजमधून करवतीचे आणि वेल्डिंगचे आवाज आले. शेवटी ट्रेलरच्या पोटाखाली एक पोलादी चौकट तयार झाली. काका तिला पाळणा म्हणत. चाक त्या पाळण्यात आडवं निजायचं आणि एका जाड तारेच्या दोराने वर ओढून घट्ट बसायचं. दोर गुंडाळणारा रहाट, म्हणजे विंच, आत लपवलेला. तो फिरवायला एक लांब लोखंडी हँडल होतं. ते बंपरच्या भोकातून खोल आत सरकवायचं आणि गोल गोल फिरवायचं. हँडलचं आतलं टोक पाचकोनी होतं.

"पाचकोनी का काका?"

"चोराकडे पाना कसला असतो? सहाकोनी. फार तर चौकोनी. पाचकोनी पाना या जगात एकाच माणसाकडे आहे."

तेव्हापासून निमकरांकडे पोह्यांना बोलावणं आलं की आधी ट्रेलरपाशी जावं लागायचं. काका हँडल बाहेर काढायचे, फडक्याने पुसायचे, भोकात सरकवायचे. टक्, टक्, टक् करत चाक सावकाश खाली यायचं आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर थांबायचं. डॉक्टरेट केलेली माणसं उकिडवी बसून ते बघायची. चाकाला काकूंनी सांगलीहून आणलेल्या जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं होतं, जांभळ्या फुलांचं. हवा तपासायची तर कव्हर काढायला लागू नये म्हणून वॉल्व्हच्या जागी काजं केलं होतं. काका काज्यातून हवा तपासायचे, समाधान पावायचे, आणि टक्, टक्, टक् करत चाक परत वर जायचं. मग पोहे.

"गणपतीचीसुद्धा एवढी आरास नसते हो आमच्याकडे," काकू म्हणायच्या.

"गणपती दहा दिवस असतो," काका म्हणायचे. "पंक्चर सांगून येतं का?"

ते चाक त्यांनी किती वेळा खाली-वर केलं असेल, देव जाणे. वापरायची वेळ एकदाही आली नव्हती, आणि याचाही त्यांना अभिमान होता.

त्यांचा मुलगा निनाद इथेच जन्मलेला. घरात मराठी समजायचा, उत्तर इंग्रजीत द्यायचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याने कॉलेज सोडलं आणि ॲरिझोनाच्या ईशान्येकडच्या डोंगरात, जंगलातल्या पायवाटा आणि वणवा अडवणारे मोकळे पट्टे साफ करणाऱ्या टोळीत कामाला लागला. सांगायला घरी आला त्या संध्याकाळी मी योगायोगाने तिथेच होतो. वाडगं परत करायला गेलो होतो, आणि मग उठताही येईना.

"आणि हे नाही जमलं तर?" काका म्हणाले. "स्टेपनी काय?"

"आय डोन्ट वॉन्ट अ स्पेअर, डॅड."

"डिग्री पूर्ण कर. ती तुझी स्टेपनी. मग जंगलात जा, नाहीतर चंद्रावर जा, मी बोलणार नाही."

निनाद म्हणाला, "यू वॉन्ट मी टु ड्राइव्ह ऑन द स्पेअर. माय होल लाइफ."

काकांना ते पटलं नाही, आणि खोडताही आलं नाही. त्यानंतर दोन वर्षं बाप आणि मुलगा एकमेकांशी बोलले नाहीत. निनाद रविवारी आईला फोन करायचा. फोनची वेळ झाली की काका गॅरेजमध्ये जायचे आणि ड्रिल चालू करायचे, म्हणजे काकूंना मोकळेपणाने बोलता येईल. त्या काळात गॅरेजच्या भिंतीला पडलेल्या भोकांना दुसरं काही कारण नव्हतं.

दोन हजार चारच्या दसऱ्याच्या आधी काकूंनी निरोप आणला. निनाद अलास्काला मासेमारीच्या बोटीवर कामाला निघाला होता. परत कधी येईल, येईल की नाही, त्यालाही माहीत नव्हतं. दसऱ्यानंतरच्या शनिवारी दुपारपर्यंत तो डोंगरातल्या कॅम्पवर होता. 'डॅडला यायचं असेल तर येऊ दे,' असं तो म्हणाला होता. 'ट्रेलर मावेल अशी जागा आहे.'

"ट्रेलर मावेल म्हणाला?" काकांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे जागा मोजली असणार त्याने." त्या दिवशी हे वाक्य त्यांनी मला तीनदा ऐकवलं. मलाही त्यांनी बरोबर घेतलं, गाडी चालवायला. "तू स्टेपनी," ते म्हणाले. मी याआधी कुणाची स्टेपनी झालो नव्हतो. मला तो सन्मान वाटला.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही काकूंच्या माहेरची रीत. अमेरिकेत हत्यारं म्हणजे दरवर्षी एक स्क्रूड्रायव्हर आणि निनादचा जुना लॅपटॉप. त्या वर्षी काकू ट्रेलरमध्ये गेल्या आणि विंचचं हँडल घेऊन आल्या. काही अडलं तर हेच हँडल आपल्याला लेकापर्यंत पोहोचवणार, तर याचीच पूजा करू, असा त्यांचा साधा विचार. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. काका ऑफिसातून आले, हात-पाय धुतले, देवापुढे उभे राहिले आणि हँडलला नमस्कार केला.

शनिवारी पहाटे काकांच्या व्हॅनमागे ट्रेलर जोडून आम्ही निघालो. निघताना काका दारात उभे राहून हजेरी घेत होते. काकू ट्रेलरच्या पायरीवरून उत्तरं देत होत्या.

"गॅस?"

"आहे."

"पाणी?"

"आहे."

"जॅक?"

"आहे."

"हँडल?"

"आहे हो, आहे. चला आता."

वाळवंट मागे पडलं, रस्ता डोंगर चढायला लागला, निवडुंग जाऊन पाइनची झाडं आली. काका मध्येच म्हणाले, "त्याला विंच दाखवेन. त्याने बघितलाच नाहीये." आणि पुढच्याच वळणावर ट्रेलरचा टायर फुटला.

मी व्हॅन कडेला घेतली. ट्रेलर एका बाजूला कलून उभा राहिला. काका खाली उतरले आणि, खोटं कशाला सांगू, त्यांच्या चालण्यात रुबाब होता. ज्या दिवसासाठी एवढे दिवस तयारी केली, तो दिवस उजाडला होता. त्यांनी बाह्या सरसावल्या, ट्रेलरचा मागचा कप्पा उघडला आणि आत हात घातला. मग दुसरा कप्पा उघडला. मग पहिला परत.

"सुधा, हँडल कुठाय?"

काकूंचा चेहरा पांढरा पडला.

"देवापाशी," त्या म्हणाल्या.

वाऱ्याने पाइनची झाडं हलत होती. काका कप्प्याचं झाकण धरून उभे होते.

"मी विचारलं तेव्हा आहे म्हणालीस."

"आहेच ना. सकाळी दिवा लावताना बघितलं मी."

काका उकिडवे बसले आणि ट्रेलरखाली बघू लागले. मीही बसलो. चाक तिथेच होतं, हात लावता येत होता. जांभळ्या फुलांचं कव्हर, काज्यातून डोकावणारा वॉल्व्ह. हवा भरपूर. आमच्याकडे जॅक होता, पाने होते, पक्कड होती, दोन छत्र्या होत्या. विंच फिरवण्याचं भोक लांब नळीच्या टोकाशी, अंधारात, पाचकोनी होतं.

बऱ्याच वेळाने एक पिकअप थांबला. टोपीवाला गोरा माणूस उतरला. तोही आमच्याशेजारी उकिडवा बसला आणि टॉर्च मारून निगुतीने सगळं बघितलं. "दॅट्स अ ब्यूटिफुल सेटअप," तो म्हणाला. मग त्याने त्याच्याकडची सगळी हत्यारं एकेक करून नळीत घालून बघितली. एकही बसेना. "हू बिल्ट धिस?"

"आय डिड," काका म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना काही कबूल करताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"वेल," तो म्हणाला, "नोबडीज गॉना स्टील इट."

आमच्या कोणाच्याच फोनला रेंज नव्हती. तो माणूस आम्ही आलो त्या दिशेला चालला होता. गावात पोहोचलो की टायर घेऊन ट्रक पाठवायला सांगतो म्हणाला. तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, हे राहू दे इथेच. व्हॅन सोडवा आणि आपण पुढे जाऊ. परत येऊन बघू."

"ट्रेलर रस्त्यावर टाकून?"

"मग काय झालं?"

"तो म्हणाला ना, ट्रेलर मावेल अशी जागा आहे." काका अजून विंचच्या नळीत बघत होते. "नुसती व्हॅन घेऊन जाऊ?"

हे पटायला त्यांना बराच वेळ लागला. सूर्य माथ्यावर आला तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "चला, सोडवू." पण ट्रेलर कलल्यामुळे जोडाचा खटका व्हॅनच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर असा काही आवळून बसला होता की हलेचना. आम्ही तेल घातलं, हातोडी मारली, दोघे मिळून जोडावर नाचलो. काकू बाजूला उभ्या राहून हात जोडत होत्या, मग त्यांना आठवत असावं की हात जोडण्यातूनच हे सगळं झालं, आणि त्या हात सोडत होत्या. ट्रकवाला आला तेव्हा दुपार कलली होती. त्याने फुटलेल्या चाकाच्या रिमवर नवा टायर चढवून दिला, तोवर काका रस्त्याकडे आणि घड्याळाकडे बघत होते. खालच्या स्टेपनीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

कॅम्पवर पोहोचलो तेव्हा उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली होती. निनाद नव्हता. शेजारच्या तंबूतली एक मुलगी बाहेर आली, त्याच्याच टोळीतली. "ही वेटेड," ती म्हणाली. "ही केप्ट सेइंग, माय डॅड इज नेव्हर लेट."

ट्रेलरसाठी राखलेली जागा ओळखायला विचारावं लागलं नाही. सगळे दगड वेचून कडेला लावले होते. पाइनच्या सुया झाडून जमीन सपाट केली होती. लाकडं बारीक फोडून रचून ठेवली होती. आणि जिथे चाकं यायची तिथे लाकडाच्या दोन पाचरी होत्या, ट्रेलर घसरू नये म्हणून चाकाखाली सारतात तशा. एकाच खोडातून कापलेल्या, तासून गुळगुळीत केलेल्या. काकांनी त्या उचलून खालून-वरून बघितल्या. मग मला ट्रेलर मागे घ्यायला सांगितला आणि गुडघ्यांवर बसून त्या चाकांखाली सारल्या. अगदी फिट बसल्या. "मोजलंय," ते म्हणाले, कोणाकडे न बघता.

दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे फराळाला गेलो असताना निनादचा फोन आला. या वेळी काका गॅरेजमध्ये गेले नाहीत. काकूंनी फोन स्पीकरवर टाकला, आणि काकांनी कारखान्यात बिघाडाचा अहवाल द्यावा तसं पहिल्यापासून सगळं इंग्रजीत सांगितलं. टायर, पाळणा, विंच, हँडल, खंडेनवमी.

"सो यू टुक द क्रँक आउट," निनाद म्हणाला, "टु प्रे टु इट?"

"येस."

"ओके, डॅड. इट्स फाइन."

इंग्रजीतले हे शेवटचे दोन शब्द मी ऑफिसात रोज ऐकतो. त्यांच्यानंतर पुढे काही बोलता येत नाही. बहुधा त्याचसाठी ते असतात. त्यानंतर निनाद फोनवर काकांशी बोलायचा, नाही असं नाही. हवेबद्दल बोलायचा. अलास्कात हवेला तोटा नाही.

काकूंनी खंडेनवमी बंद केली. माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या, "हे काही बोलत नाहीत गं. बोलले असते तर बरं झालं असतं. माझ्या देवापायी बापलेकाची गाठ पडायची राहिली." काका खरंच कधी एक शब्द बोलले नाहीत. ते फक्त हँडलं बनवत राहिले. एक व्हॅनमध्ये, एक ट्रेलरमध्ये, एक गॅरेजमध्ये, एक ऑफिसच्या खणात. मग आम्हाला एकेक वाटायला सुरुवात केली. "गाडीत ठेव," म्हणायचे. "असू दे." चँडलरमधल्या बऱ्याच मराठी गाड्यांच्या डिकीत त्या काळात एक हातभर लांब लोखंडी दांडा होता, आणि तो या पृथ्वीवर एकाच ठिकाणी चालत होता. मला एकदा एका पोलिसाने थांबवून दांडा कशाला म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्याने मला सोडून दिलं. माझी समजूत अशी की दयेपोटी.

दोन हजार आठमध्ये काकांच्या कारखान्याने जी माणसं कमी केली त्यांत काका होते. घरांचे भाव कोसळत होते. त्यांनी पुण्याला परत जायचं ठरवलं. तिथे त्यांचा जुना फ्लॅट होता, अर्थात होता. "परतीची स्टेपनी," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

ट्रेलर बघायला एक अमेरिकन बाई आली. पहिलीच्या मुलांना शिकवून निवृत्त झालेली, एकटी देशभर हिंडणार म्हणत होती. काकांनी तिच्यासाठी शेवटचं प्रात्यक्षिक केलं. हँडल पुसलं, भोकात घातलं. टक्, टक्, टक्. चाक खाली आलं.

"हॅज इट एव्हर बीन यूज्ड?"

"नेव्हर," काका म्हणाले.

पडद्याचं कव्हर काकूंना हवं होतं, सांगलीची आठवण म्हणून. त्यांनी वाकून ते काढून घेतलं. बाई चाकाजवळ गेली आणि पहिलीच्या मुलांना मोजायला शिकवावं तसं बोट ठेवून मोजू लागली. वन, टू, थ्री, फोर, फाइव्ह. मग ती ट्रेलरच्या चाकापाशी गेली आणि काकांना त्याची बोल्ट झाकणारी टोपी काढायला सांगितली. काकांनी ती काढली. तिने परत बोट ठेवलं. सिक्सपर्यंत गेली, थांबली आणि काकांकडे बघितलं.

स्टेपनीला बोल्टची पाच भोकं होती. ट्रेलरच्या चाकांना सहा बोल्ट होते. आधीच्या मालकाने कधीतरी खालचा आस, म्हणजे ॲक्सल, बदलून जड घातला असावा आणि जादा चाक जुनंच राहू दिलं असावं. टायर त्याच मापाचा, रिम त्याच मापाची. पाच भोकं काकांनी बघितली असणारच. गाडीलाही पाचच असतात. पण ते चाक प्रत्यक्ष लावून बघण्याची वेळ कधी आली नव्हती, आणि त्याचाच तर त्यांना अभिमान होता.

काकांनी हातातली टोपी खाली ठेवली. मग म्हणाले, "सुधा, इकडे ये. मोज."

"काय मोजू?"

"भोकं."

काकूंनी मोजली. "पाच."

"आता हे."

"सहा." त्या सरळ झाल्या. "म्हणजे... त्या दिवशी हँडल असतं तरी?"

"चाक खाली आलं असतं," काका म्हणाले. "बसलं नसतं."

काकू ट्रेलरच्या पायरीवर बसल्या, कव्हर मांडीवर घेऊन. त्यांनी ते तोंडाला लावलं. त्यांचे खांदे हलत होते. हसतायत की रडतायत, हे मला माझ्या जागेवरून सांगता आलं नाही, आणि जवळ जायची हिंमत झाली नाही. पाहुण्या बाईने सौजन्याने शेजाऱ्यांच्या निवडुंगाकडे बघायला सुरुवात केली.

"निनादला सांगा," काकू कव्हराआडून म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता सांगा."

काकांनी फोन लावला. तो उचलला गेला नाही. निरोप ठेवायची शिट्टी वाजली. काका ताठ उभे राहिले. "निनाद, धिस इज डॅड. द स्पेअर हॅज फाइव्ह होल्स. द ट्रेलर नीड्स सिक्स. सो इट वॉज नॉट युअर मदर्स पूजा. इन्स्पेक्शन वॉज माय रिस्पॉन्सिबिलिटी. बाय."

ट्रेलर त्या बाईने घेतला. सहा भोकांचं चाक ती स्वतः आणणार होती. विंच तिला फार आवडला, आणि तिला हँडलं चार मिळाली. लाकडाच्या पाचरी मात्र काकांनी दिल्या नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात तो निरोपसमारंभ झाला, आणि अध्यक्षांनी ते वाक्य वाचलं. निनादचा फोन आला नव्हता. बोट समुद्रात असेल, काकू म्हणत होत्या.

विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. सुरक्षारांगेच्या दोरीच्या अलीकडून दिसलेले काका ही माझ्यासाठी त्यांची शेवटची भेट. बूट काढून ते मोज्यांवर उभे होते. तपासणीच्या अधिकाऱ्याच्या हातात एक पाचर होती, काकांच्या हातात दुसरी.

"व्हॉट आर दीज, सर?"

"व्हील स्टॉपर्स. फॉर अ ट्रेलर."

"अँड व्हेअर इज द ट्रेलर?"

"सोल्ड."

अधिकारी विचारात पडला. एवढ्यात त्यांच्या बुटांच्या ट्रेमध्ये ठेवलेला फोन वाजू लागला, आणि वाजतवाजत मशीनच्या आत गेला. काकांनी हात पुढे केला, पण पट्टा त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. आतून रिंग ऐकू येत होती, मग बंद झाली. काका रिकामा हात तसाच धरून उभे होते. ट्रे पलीकडे निघाला आणि फोन पुन्हा वाजला. या वेळी काकूंनी आधी झडप घातली, नाव बघितलं आणि मागे वळून, सबंध रांगेवरून, मला ओरडून सांगितलं, "निनाद!"

काकांनी फोन कानाला लावला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. पायात बूट नाहीत, काखेत एक लाकडी पाचर, आणि लोक त्यांना वळसा घालून जातायत. ते बोलत नव्हतेच, ऐकत होते. मी पार्किंगची वेळ संपत आली म्हणून निघालो तेव्हाही ते तिथेच होते.

जुनी स्टेपनी माझ्या गॅरेजमध्ये आहे. ती काकांनीच ठेवायला दिली. "असू दे," म्हणाले होते, "कशाला तरी होईल." हवा अजून पूर्ण आहे. माझ्या गाडीच्या चाकांना पाचच बोल्ट आहेत, म्हणून एका रविवारी मी ती लावून बघितली. भोकांमधलं अंतर वेगळं. बसत नाही.